टॉवेल, बेचाळीस आणि अर्ध्यावर थांबलेली गोष्ट

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

डग्लस अ‍ॅडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या अवकाशात घडणाऱ्या विनोदी कादंबरीबद्दल सोलापूरच्या वाचकांकडून आम्ही मते मागवली होती. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. आर्थर डेंट या साध्यासुध्या इंग्रज माणसाचे घर बायपाससाठी पाडायला सकाळी बुलडोझर येतो. त्याच दिवशी व्होगॉन नावाचे परग्रहवासी अवकाशातल्या बायपाससाठी अख्खी पृथ्वी पाडतात. आर्थरचा मित्र फोर्ड हा मुळात परग्रहावरचा. तो आर्थरला घेऊन व्होगॉनांच्याच यानात चोरून शिरतो. पुढे जे जे घडते ती कादंबरी. ज्या ‘गाइड’वरून पुस्तकाला नाव मिळाले ते फोर्डजवळचे, विश्वाची माहिती देणारे एक यांत्रिक पुस्तक आहे. पत्रे मोकळेपणाने लिहिलेली आहेत, काही तर चांगलीच रागावलेली. त्यांतली निवडक येथे देत आहोत.

पहिली पन्नास पाने हसत वाचली. पुढे कथानक सापडेना. प्रसंग येतात आणि जातात. शेवट तर कोणीतरी पाने फाडून नेल्यासारखा. माझ्या मते कादंबरी फसली आहे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

तुमचे निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र आम्हाला पटत नाही. ही गोष्ट आधी कागदावर आलीच नाही. ८ मार्च १९७८ रोजी रात्री साडेदहाला बीबीसी रेडिओ ४ वर तिचा पहिला भाग लागला. अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा भाग होते. श्रुतिका लोकांनी उचलून धरली, म्हणून ऑक्टोबर १९७९ मध्ये पुस्तक निघाले. आणि त्या पुस्तकात साधारण पहिल्या चार भागांचाच ऐवज आहे. राहिलेली गोष्ट १९८० च्या दुसऱ्या पुस्तकात गेली. पात्रांना भूक लागते, ती खायला निघतात आणि पुस्तक संपते, ते यामुळे. सहा भागांच्या मालिकेचा चौथा भाग ऐकून रेडिओ बंद केला तर जे वाटेल तेच तुम्हाला वाटले.

मधल्या भागाचेही तसेच. पुस्तकात ३५ प्रकरणे आहेत, काही जेमतेम पानभर. दर थोड्या अंतराने कोणाचा तरी जीव टांगणीला लागतो, कारण श्रोत्याला पुढच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवायचे होते. शिवाय रेडिओवर पडदा पडत नाही, नेपथ्य बदलत नाही. प्रसंग बदलताना जी पोकळी राहते ती तिथे निवेदकाच्या आवाजाने भरली: त्या गाइडमधल्या नोंदी. कागदावर याच नोंदी विषयांतर वाटतात. कानाला त्या जोडकाम वाटतात.

म्हणून दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा एक करून पाहा. रोज दोन-दोन पाने वाचू नका. सहा-सात प्रकरणे एका बैठकीत संपवा आणि गाइडमधली नोंद आली की ती मोठ्याने वाचा. लांबलचक वाक्ये कुठे श्वास घेतात ते लगेच कळते. तरीही एक उणीव राहतेच आणि ती माध्यमामुळे नाही: आर्थर आणि फोर्ड पुढे ज्या यानात पोचतात त्यावरची एकमेव स्त्री, ट्रिलियन, हुशार म्हणून सांगितली जाते, पण तिला करायला आणि बोलायला फार थोडे दिले आहे. इथे लेखक कमी पडला आहे.

सुरुवातीलाच सगळी माणसे मरतात. यात हसण्यासारखे काय? शिवाय ‘आराखडा ५० वर्षे अल्फा सेंटॉरीवर लावून ठेवला होता’ हे व्होगॉनांचे कारण फारच ओढूनताणून आणलेले वाटले.
— एक वाचक, नवी पेठ

पृथ्वी जाते त्या पानाआधी आर्थरच्या घराचे प्रकरण पुन्हा वाचा. घर पाडण्याचा आराखडा कार्यालयात ‘उपलब्ध’ होता. फक्त तळघरात, अंधारात, कोणी जाणार नाही अशा ठिकाणी. रस्ता रुंदीकरणाची नोटीस, हरकती-सूचनांची मुदत आणि ती मुदत संपल्यावर हाती पडणारा कागद हे सोलापूरकराला समजावून सांगायला नको. एकदा घराच्या मापाने हा अनुभव दिल्यावर लेखक तोच प्रसंग, तेच युक्तिवाद ग्रहाच्या मापाने पुन्हा मांडतो. माप बदलते, कारकुनी तीच राहते. हसू मरणाचे येत नाही, त्या तंतोतंत सारखेपणाचे येते. आर्थरचे घर आधी आले नसते तर तुमचा आक्षेप पूर्ण खरा ठरला असता.

आता अल्फा सेंटॉरीचा हिशोब. हा ताऱ्यांचा गट आपल्यापासून सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे दूर. म्हणजे तिथून रेडिओ संदेश निघाला तर ४ वर्षे ४ महिन्यांत इथे पोचेल, आणि आपली हरकत तेवढ्याच काळात तिथे. जाऊन-येऊन पावणेनऊ वर्षे. ५० वर्षांची मुदत कागदोपत्री अगदी पुरेशी आहे, उदारच म्हणायला हवी! स्वतः जाऊन आराखडा पाहायचा तर? व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. त्या वेगाने तिथे पोचायला ७५ हजार वर्षांहून अधिक लागतील.

आणखी एक गोष्ट पाहा. १९७९ मधून ५० वर्षे वजा केली की १९२९ येते. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी माणसाने पहिल्यांदा ओळखल्या त्या कार्ल जान्स्की यांनी, १९३२ च्या सुमारास. म्हणजे व्होगॉनांनी पहिल्याच दिवशी रेडिओवरून दवंडी पिटली असती, तरी पृथ्वीवर ती ऐकणारा कान नव्हता. नियम पाळला गेला आणि अन्यायही झाला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरतात. नुसते ओढूनताणून आणलेले कारण आकड्यांच्या इतक्या तपासणीला टिकले नसते.

आमचे घर तीन पिढ्या टॉवेलच्या धंद्यात आहे. अवकाशात फिरणाऱ्याकडे टॉवेल हवाच, असे या पुस्तकात म्हटले आहे. ही नुसती गंमत, की खरोखर काही उपयोग? आणि असा टॉवेल निवडायचा तर कोणता?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

हा प्रश्न सोलापुरातून आला याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. या कादंबरीचे चाहते जगभर २५ मे हा ‘टॉवेल दिवस’ म्हणून पाळतात. लेखकाचे निधन ११ मे २००१ रोजी झाले आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी हा दिवस पहिल्यांदा पाळला गेला. जिथे यंत्रमागावर टॉवेल विणणे हा हजारो घरांचा चरितार्थ आहे, त्या गावाने हा दिवस खुशाल आपला म्हणावा.

पुस्तकात टॉवेलचे उपयोग दिले आहेत ते असे: ऊब मिळवायला अंगाभोवती गुंडाळायचा, अंथरायचा, छोट्या तराफ्याला शीड म्हणून लावायचा, ओला करून मारामारीत वापरायचा, संकटात हलवून खूण करायची, आणि स्वच्छ राहिलाच तर अंग पुसायचे. यातले अवकाशात काय चालेल ते एकेक पाहू.

पाणी टिपणे चालेल, आणि उत्तम चालेल. धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी केशाकर्षणाने चढते. त्याला गुरुत्वाकर्षण लागत नाही. पिळणे मात्र फसते. २०१३ मध्ये कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात ओले फडके पिळून दाखवले. पाणी खाली पडलेच नाही. ते फडक्याभोवती पारदर्शक नळीसारखे जमले आणि पृष्ठताणामुळे हातावर चढून तिथेच चिकटून राहिले. त्यामुळे तिथे टॉवेल पिळत नाहीत, तसाच वाळू देतात. त्यातून उडालेली वाफ स्थानकाची यंत्रणा हवेतून परत मिळवते आणि शुद्ध करून तेच पाणी पिण्यासाठी वापरले जाते. घाम, श्वासातली वाफ, मूत्र या सगळ्यांसह सुमारे ९८ टक्के पाणी परत मिळवता येते, असे नासाने २०२३ मध्ये जाहीर केले.

ऊब हा उपयोग अर्धाच खरा. घरात टॉवेल ऊब देतो तो लूपांत, म्हणजे त्यावरच्या धाग्यांच्या फुगीर वेटोळ्यांत, अडकलेल्या हवेमुळे. निर्वातात हवाच नाही. तिथे अंगाची उष्णता मुख्यतः प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, जाते: त्वचा ३३ अंश सेल्सिअसला असेल तर अख्ख्या उघड्या अंगातून ८०० वॅटच्या आसपास. स्वस्थ बसलेले शरीर तयार करते ती १०० वॅटच्या आगेमागे. मध्ये टॉवेलचा एक सैल थर आला तर प्रारणाने होणारे नुकसान ढोबळमानाने निम्मे होते, कारण टॉवेल स्वतः तापून निम्मी उष्णता आत परत टाकतो. निम्मे म्हणजेही ४०० वॅट, तेव्हा त्यावर विसंबू नये. शिडाचा उपयोग तर हवेशिवाय नाहीच.

निवडीचे बोलायचे तर आधी वजन बघा. टॉवेलचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जीएसएम, असे मोजतात. ७० बाय १४० सेंटिमीटरच्या टॉवेलचे क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर. ४५० जीएसएमचा घेतला तर तो साधारण ४४० ग्रॅम भरेल, ६०० चा घेतला तर ५९० ग्रॅम. प्रवासाला ३०० ते ३५० पुरे. पाणी थोडे कमी धरतो, पण लवकर वाळतो, आणि लिफ्ट मागत फिरणाऱ्याला वाळणे जास्त महत्त्वाचे. जाड टॉवेल ओला घडी घालून पिशवीत राहिला की दुसऱ्याच दिवशी कुबट वास धरतो.

विणीचे तुम्हाला आम्ही काय सांगावे; इतर वाचकांसाठी लिहितो. टर्किश टॉवेलच्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात. पायाच्या धाग्यांचा बीम ताठ, लूपच्या धाग्यांचा सैल. आडव्या धाग्याच्या पहिल्या दोन फेऱ्यांना फणी पुरती पुढे जात नाही, थोडे अंतर सोडते. तिसऱ्या फेरीला ती तिन्ही आडवे धागे एकदम कापडाच्या कडेला ठोकते. ताठ धागे जागचे हलत नाहीत. सैल धागे मात्र आडव्या धाग्यांबरोबर पुढे ओढले जातात आणि जागा नसल्याने दोन्ही बाजूंना फुगून वर येतात. तोच लूप. सैल बीमचा ताण मध्येच कमीजास्त झाला की लूप लहानमोठे होतात आणि हात फिरवल्यावर पट्टे लागतात. विकत घेताना डोळे मिटून तळवा फिरवा, हा दोष हाताला आधी कळतो.

नवा टॉवेल पाणी टिपत नाही अशी तक्रार नेहमीची आहे. त्यावर मऊपणासाठी लावलेला थर असतो आणि तो पाणी दूर ठेवतो. पहिली दोन-तीन धुणी साध्या साबणाने, कोमट पाण्यात करा; फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. बोअरच्या जड पाण्यात धुतलेला टॉवेल पापडासारखा कडक होतो, कारण क्षार लूपांवर बसतात. शेवटच्या खळबळीला १५ लिटरच्या बादलीत पाव वाटी पांढरे व्हिनेगर घाला आणि वाळत घालण्याआधी टॉवेल दोन-तीनदा जोरात झटका.

विज्ञान शिकवते म्हणून विचारते. नायक यानाबाहेर फेकले जातात आणि छातीत हवा भरून ३० सेकंद जगता येते असे लिहिले आहे. हे बरोबर आहे का? माझ्या प्रतीत त्यांची सुटका होण्याची शक्यता ‘२ च्या २७६७०९ व्या घातास एक’ अशी दिली आहे. एवढ्या आकड्याला काही अर्थ आहे का?
— एक शिक्षिका, सात रस्ता

पहिली गोष्ट चूक आहे, आणि धोकादायक चूक आहे. मुलांना आवर्जून सांगा. निर्वातात श्वास रोखून धरला तर छातीतली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसे फाटतात. जगण्याची थोडी तरी आशा हवी असेल तर तोंड उघडे ठेवून हवा जाऊ द्यावी लागते. मग शुद्ध किती वेळ राहील? रक्तातला ऑक्सिजन फुप्फुसांतून उलट बाहेर जाऊ लागतो आणि ते रक्त मेंदूपर्यंत पोचले की माणूस कोसळतो: साधारण १० ते १५ सेकंद. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची हवेची नळी निसटली. सुमारे १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. त्याआधी त्याला जाणवलेली शेवटची गोष्ट म्हणजे जिभेवरची लाळ उकळत असल्याची. कक्षात लगेच हवा भरली म्हणून तो वाचला. तेव्हा पुस्तकातला ३० सेकंदांचा आकडा जगण्यासाठी अशक्य नाही, पण तेवढा वेळ विचार करत राहणे शक्य नाही. आणि श्वास रोखण्याचा सल्ला पूर्ण उलटा आहे. लगेच गोठून मरण येते हा समज मात्र पुस्तक पसरवत नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवे.

आकड्याचे काय? वर्गात हा हिशोब जरूर करा. २ चा लॉगरिदम ०.३०१०३. त्याला २७६७०९ ने गुणले की ८३,२९७ च्या पुढे काही अपूर्णांक येतो, म्हणजे त्या संख्येत ८३,२९८ अंक आहेत. तुलनेसाठी, दृश्य विश्वातल्या अणूंची अंदाजे संख्या १ वर ८० शून्ये, म्हणजे ८१ अंकी. ही ८३ हजार अंकी संख्या मासिकाच्या पानावर २,००० अंक या मापाने छापत गेलो तर ४१ पाने भरतील आणि उरलेले १,२९८ अंक ४२ व्या पानावर जातील. आमच्याच पानाच्या मापाचा हा योगायोग आहे, पण या कादंबरीच्या वाचकाला तो सांगितल्यावाचून राहवेना (का, ते पुढच्या उत्तरात).

बेचाळीसच का?
— पाच पत्रांतला एकच प्रश्न

कथेत ‘डीप थॉट’ नावाचा संगणक जीवन, विश्व आणि सगळे काही यांबद्दलच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर शोधायला ७५ लाख वर्षे घेतो आणि ४२ असे सांगतो. प्रश्न नेमका काय होता हे कोणालाच माहीत नसते. तो शोधायला जो आणखी मोठा संगणक बांधतात तो म्हणजे पृथ्वी, आणि तिचे एक कोटी वर्षांचे काम संपायला पाच मिनिटे असताना व्होगॉन ती पाडतात.

संख्येमागे गुपित नाही. एक साधी, लहान, कोणाचे लक्ष वेधून न घेणारी संख्या हवी होती म्हणून ती निवडली, असे लेखकाने स्वतः सांगितले आहे. एका वाचकाने १३ च्या पायावरील गणिताचा उल्लेख केला आहे: दुसऱ्या पुस्तकात ६ गुणिले ९ असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर ५४, आणि १३ च्या पायावर ५४ म्हणजे चार तेरा आणि दोन, अर्थात ४२. गणित चोख आहे, पण हे आपल्या मनात नव्हते असे लेखकाने स्पष्ट केले होते.

गणितात मात्र ४२ ने खराच दम काढला. १०० पर्यंतच्या संख्या तीन पूर्णांकांच्या घनांच्या बेरजेने लिहिता येतात का, या जुन्या कोड्यात (ज्या संख्यांना ते मुळातच शक्य नाही त्या सोडून) शेवटपर्यंत न सुटलेली संख्या ४२ होती. अँड्र्यू बुकर आणि अँड्र्यू सदरलँड यांनी २०१९ मध्ये ती सोडवली. उत्तरातल्या तिन्ही संख्या १७-१७ अंकी आहेत.

जयंत नारळीकरांच्या कथा वाचून मोठे झालेल्यांनी हिला विज्ञानकथा का म्हणावे?
— एक वाचक, पार्क चौक

म्हणावे, पण दुसऱ्या घराण्याची. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली तेव्हापासून आपल्याकडे एक शिस्त रुजली: विज्ञानातली एकच कल्पना घ्यायची आणि तिचे परिणाम काटेकोरपणे शेवटपर्यंत न्यायचे. अ‍ॅडम्स दर दहा पानांना नवी कल्पना घेतो आणि फक्त तिचा सामाजिक परिणाम पाहतो: कार्यालयात काय होईल, जेवणाच्या टेबलावर काय होईल. एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावली की दोन्हींवर अन्याय होतो.

आमचा सात जणांचा वाचनगट आहे. कादंबरीतले काही उतारे मराठीत करून मोठ्याने वाचायचे आहेत. अनुवाद करताना विनोद मरतो. काय करावे?
— वाचनगटातर्फे, होटगी रोड

हे काम तुम्ही हाती घेतले हेच आम्हाला सर्वांत आवडले. जी गोष्ट जन्मतः कानासाठी होती ती पुन्हा कानाकडे जाईल.

विनोद मरतो तो बहुतेक वेळा क्रियापदाखाली सापडून. इंग्रजी वाक्याच्या शेवटी बोचरा शब्द येऊ शकतो. मराठीत त्या जागी ‘होते’, ‘आहे’, ‘लागले’ येऊन बसते आणि हसू यायच्या क्षणी वाक्य घरंगळते. ‘त्या यानाला चार इंजिने, सहा कप्तान आणि एकच न्हाणीघर होते’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. मग हे म्हणा: ‘त्या यानाला इंजिने होती चार, कप्तान सहा, न्हाणीघर एक.’ बोलीत आपण असे सहज बोलतो. उताऱ्यातल्या प्रत्येक विनोदाचा कळीचा शब्द अधोरेखित करा आणि तो वाक्याच्या टोकाला येईपर्यंत वाक्य उलटेपालटे करा. बाकी शब्द बदलले तरी चालतील.

व्होगॉनांसाठी मराठीकडे तयार खजिना आहे: सरकारी पत्रांची भाषा. ‘सदर ग्रह विकासकामास अडथळा ठरत असल्याने तो हटविण्यात येत आहे. आराखडा विहित मुदतीत अवलोकनार्थ ठेवण्यात आला होता; सबब आता प्राप्त हरकतींचा विचार करता येणार नाही.’ हे अजिबात अभिनय न करता, सपाट आवाजात वाचायचे. आवाज चढवला की संपले.

फोर्ड प्रीफेक्ट हे नाव अडेल. इंग्लंडमध्ये या नावाची मोटार होती. पृथ्वीवर आलेल्या परग्रहवासीयाने लोकांत मिसळून जायला अगदी सर्वसाधारण नाव म्हणून ते घेतले, ही गंमत. आपल्याकडे कोणी ‘चेतक बजाज’ असे नाव सांगितले तर जे होईल ते. पण अनुवाद करत असाल तर मूळ नाव ठेवा आणि पहिल्या उल्लेखात अर्ध्या वाक्यात उलगडा करा. ‘चेतक’ घ्यायचे तर मग बुलडोझर, पब, हवामान सगळेच इकडे आणावे लागेल, म्हणजे रूपांतर. पु. ल. देशपांड्यांनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली तेव्हा काहीही अर्धवट लंडनमध्ये ठेवले नाही. दोन्ही मार्ग चांगले, मिसळ मात्र नको.

आणखी एक कळकळीची सूचना. परग्रहवासीयांना तेलुगू, कन्नड किंवा दखनी हेल देण्याचा मोह सोलापुरात हमखास होईल, कारण मराठीसह या चारही भाषा गल्लीत ऐकू येतात. तो टाळा. ज्याची भाषा तिथे हशासाठी वापरली जाईल तो शेजारी समोरच बसलेला असेल. उलट कानात ठेवला की सगळ्या भाषा समजणाऱ्या त्या ‘बॅबल’ माशाचा उतारा निवडा आणि त्यातली दोन-तीन वाक्ये खऱ्या तेलुगू-कन्नडमध्ये, ती भाषा घरी बोलणाऱ्यांकडूनच म्हणवून घ्या.

वेळेचा अंदाज: मराठी मोठ्याने वाचताना मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. हशाची जागा धरून २० मिनिटांच्या उताऱ्याला २,००० शब्दच ठेवा. हाताने लिहिलेली सुमारे आठ पाने. चार आवाज पुरतात: निवेदक, आर्थर, फोर्ड आणि बाकी सगळ्यांसाठी एक. निवेदकाला दुसरे काम देऊ नका. त्याने बातम्या देणाऱ्याच्या स्थिर सुरात वाचायचे, आणि विनोदाच्या आधी थांबायचे नाही, नंतर थांबायचे. आधी थांबले की श्रोता सावध होतो. मार्विन हा खिन्न यंत्रमानव वाचणारे हमखास रडका सूर लावतात. तो रडत नाही, त्याला कंटाळा आला आहे. खालच्या पट्टीत, हळू, शेवटचा शब्द न ओढता. लांब वाक्यांत श्वासाच्या जागी पेन्सिलीने उभी रेघ मारा आणि निदान तीनदा एकत्र वाचून बघा. पहिल्या वाचनात वाचणारेच हसतील. तेवढे होऊ द्या, म्हणजे कार्यक्रमात हसणार नाहीत.

पुढचे भाग कोणत्या क्रमाने वाचावेत? मुलांना केव्हा द्यावे? आणि अशाच जातीचे आणखी काय आहे?
— एक वाचक, विडी घरकुल

प्रकाशनाच्या क्रमानेच वाचा: १९७९, १९८०, १९८२, १९८४ आणि १९९२. पहिले दोन लागोपाठ, कारण ती एकच गोष्ट आहे. तिसऱ्यात कथानक अधिक घट्ट आहे. चौथे बरेचसे पृथ्वीवर घडते, प्रेमकथा आहे, काहींना संथ वाटते. पाचव्याचा शेवट काळोखा आहे; मन हलके करायला म्हणून ते उचलू नका. २००९ चे सहावे पुस्तक दुसऱ्या लेखकाचे आहे.

मूळ इंग्रजीतून वाचणार असेल तर आठवी-नववीच्या मुलाला द्यायला हरकत नाही. लहानांना गोष्ट झेपते, वाक्ये झेपत नाहीत. आधी एखादे प्रकरण वाचून दाखवा.

दुसरे पुस्तक सुचवायचे तर पोलंडचे स्टानिस्लाव लेम यांचे १९६५ चे ‘सायबेरियाड’. त्यातल्या एका कथेत ‘न’पासून सुरू होणारी कुठलीही वस्तू बनवणारे यंत्र आहे, आणि त्याला एकजण ‘काहीच नाही’ हे बनवायला सांगतो. पोलिश आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत तो शब्द योगायोगाने ‘न’वरूनच सुरू होतो. मराठीत करायला बसलात तर अडचण नाही: नथ, नारळ, नांगर, नगारा, आणि शेवटी नसणे.